टीव्हीची खरेदी आणि भोगोपभोगाचे परिमाण

घरात नवा टीव्ही घ्यावयाचा आहे. वडिलांना बातम्या व प्रवचने पाहावयाची आहेत आणि मुलाला त्यावर प्लेस्टेशन खेळावयाचे आहे. दोघांचेही समाधान करील असा संच कोणता, असे गगनबावडा येथील एका व्यापारी वाचकांनी विचारले आहे. हा प्रश्न आज अनेक घरांतला असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देणे उचित वाटते.

गगनबावडा हे करूळ व भुईबावडा या घाटांच्या माथ्यावरचे, राज्यातील अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. चातुर्मासात तेथे धुके आणि पाऊस यांचेच राज्य असते. गिऱ्हाईक लवकर ओसरते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांत संध्याकाळ लांब होते. ती कशी जावी, हे या खरेदीवर बरेचसे अवलंबून आहे.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त भोगोपभोगपरिमाण हे गुणव्रत सांगितले आहे. जेवणासारखी एकदाच उपयोगी पडणारी वस्तू तो भोग. वस्त्रासारखी पुन्हा पुन्हा वापरावयाची तो उपभोग. टीव्ही हा उपभोगच. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी त्याचे माप घरीच ठरवावे. हे माप बऱ्याच अंशी फूटपट्टीने काढता येते.

फुल एचडी पडद्यावर 1920 बाय 1080 ठिपके असतात. फोर-केमध्ये 3840 बाय 2160, म्हणजे चौपट. परंतु ते ठिपके वेगळे ओळखण्याची डोळ्याची शक्ती मर्यादित आहे. 43 इंची पडद्यापासून सुमारे सहा फुटांपलीकडे बसणाऱ्यास फुल एचडी व फोर-के यांतला फरक सहसा जाणवत नाही. दहा फुटांवरून प्रवचन ऐकणाऱ्या आजोबांसाठी चौपट ठिपक्यांचे मोल देण्याचे कारण नाही. त्यांना स्वच्छ आवाज आणि सोपा रिमोट अधिक उपयोगी. खेळणारा मुलगा मात्र चार-पाच फुटांवर बसतो. त्याला फोर-के दिसेल. एकाच खोलीत दोन बैठका आहेत, हे ध्यानी घेऊन आकार ठरवावा. 55 इंची पडद्याचे क्षेत्रफळ 43 इंचीच्या दीडपटीहून अधिक असते. लहान खोलीत तो सर्वांवर दाटून येतो.

खेळासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पडद्याचा मूळ रिफ्रेश रेट. 60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, 120 हर्ट्झचा 120 वेळा. खोक्यावर ठळक छापलेला ‘मोशन’चा मोठा आकडा म्हणजे मूळ रेट नव्हे. दुसरी, गेम मोड. चित्र सुशोभित करण्यात टीव्ही वेळ घालवतो, त्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत विलंब पडतो. गेम मोडमध्ये तो घटतो. तिसरी, एचडीएमआय 2.1 जोडणी. प्लेस्टेशन 5 वर फोर-के चित्र 120 हर्ट्झने हवे असेल, तरच तिची गरज भासते. जुने यंत्र असेल, तर 60 हर्ट्झचा संच पुरेसा आहे. बातम्या व प्रवचनांसाठी तर 120 हर्ट्झ लागतच नाहीत.

आता गगनबावड्याचा पाऊस. डीटीएचच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात व चित्र गोठते. महागड्या टीव्हीनेही हा दोष जात नाही. पावसाच्या माऱ्याच्या बाजूची भिंत ओल धरते. तिच्यावर संच टांगू नये. विजा चमकू लागल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत. चांगले अर्थिंग हवे, सर्ज प्रोटेक्टरही असावा. संच कोणत्या व्होल्टेजपर्यंत चालतो, हे त्याच्या मागे छापलेले असते. ते पाहूनच स्टॅबिलायझरचा विचार करावा. पावसाळी रात्री पडद्याच्या उजेडाकडे किडे झेपावतात. खिडकीला जाळी लावल्यास ती हिंसा टळते.

हिशेबाकडे वळू. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. लहान संचांवर तो आधीपासूनच 18 टक्के होता, त्यामुळे कराच्या फरकासाठी लहान संच घेण्याचे कारण उरले नाही. मात्र घरचा टीव्ही दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन कराची वजावट मागू नये. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे ती मिळत नाही, आणि अचौर्याणुव्रताशीही ते विसंगत आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना रोखीची किंमत अवश्य विचारावी. 4,000 रुपयांचे 12 हप्ते म्हणजे 48,000. तोच संच रोखीने 44,500 ला मिळत असेल, तर 3,500 रुपये हे व्याजच होय, त्याला नाव काहीही द्या. वीजही मोजावी: 100 वॅटचा संच रोज पाच तास चालला, तर महिन्याला 15 युनिट होतात. शेवटी, दुरुस्तीचा माणूस गगनबावड्यास येतो की संच कोल्हापूरपर्यंत न्यावा लागतो, हे बिल करण्यापूर्वीच विचारावे. आपण स्वतः व्यापारी आहोत. विक्रीनंतरच्या शब्दाचे मोल आपणांस सांगावयास नको.

येथवरचे सारे मोजता येते. खेळ कोणता, हे मात्र फूटपट्टीने ठरत नाही. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला. आपल्याकडे तर सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे. तेथे शंकेला जागा नाही. बंदुकीच्या खेळांविषयी मात्र मुले विचारतात, ‘‘त्यात खरा जीव कोठे मरतो?’’ या प्रश्नाला धाक हे उत्तर नव्हे. त्यांना यशोधर राजाची कथा सांगावी. मातेच्या आग्रहावरून त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी संकल्प हिंसेचा होता म्हणून दोघांनाही अनेक तिर्यंच जन्म भोगावे लागले. खेळणारा प्रत्येक मुलगा यशोधर आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु रोज दोन तास मन कशात रमते, हा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत अपध्यान आणि दुःश्रुती आहेत. दुःश्रुतीची कसोटी वडिलांनीही स्वतःस लावावी. वाहिन्यांवरील रात्रीचा कलकलाट आणि सासू-सुनांची कारस्थाने पाहत मुलास संयम शिकवता येत नाही.

गाड्यांची शर्यत, फुटबॉल, बुद्धिबळ, कोडी, नगररचना असे अनेक खेळ आहेत. यादी मुलाने करावी, वडिलांनी ते खेळ एकदा त्याच्याबरोबर खेळून पाहावेत, आणि मगच निवड व्हावी.

माझा सल्ला असा: बैठक दहा फुटांवर असेल आणि यंत्र जुने असेल, तर 43 इंची, 60 हर्ट्झचा, गेम मोड असलेला साधा संच घ्यावा. प्लेस्टेशन 5 घरात असेल व मुलगा नियमाने खेळत असेल, तर 120 हर्ट्झसाठी अधिक रक्कम देण्यास हरकत नाही. पर्युषणात खेळ बंद राहील आणि एरवी रोज किती वेळ चालेल, हे सर्वांनी मिळून आधी ठरवावे. तो नियम टीव्हीशेजारी लिहून ठेवावा, आणि त्यात वडिलांच्या बातम्यांची वेळही असावी.