‘ओके’चा शिक्का मारण्याआधी

एप्रिल उजाडला की रस्त्याच्या कडेला माठांचे ढीग लागतात. घरी डबल डोअरचा फ्रिज असला तरी आईचं म्हणणं ठाम असतं, माठाच्या पाण्याची चव वेगळीच. मग ऑफिसमधून येताना तुम्ही बाइक कडेला लावता, एक माठ उचलता आणि काय करता? टिचकी मारता. टण्ण वाजला की माठ पक्का. बद्द वाजला की कुठेतरी केसाएवढा तडा आहे, गपचूप खाली ठेवायचा. फोडून बघितला असता तर तडा नक्की सापडला असता. पण मग पाणी कशात भरणार?

तर बॉस, याच टिचकीला इंजिनीअरिंगच्या जगात नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतात. शॉर्टमध्ये एनडीटी. वस्तू न तोडता, न कापता तिच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचं. पूर्वी लांब पल्ल्याची गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांना ठोकत जायचा. तो एनडीटीच करत होता. सोनोग्राफीत जे तंत्र वापरतात, तेच वापरून आता रुळांमधले तडे शोधतात. आणि एअरपोर्टवर तुमची लॅपटॉप बॅग ज्या एक्स-रे मशीनमधून जाते, तोही याच खानदानातला.

पण टिचकीनं फक्त ‘काहीतरी गडबड आहे’ एवढंच कळतं. गडबड झाली का, हे कळायला धातूच्या आत डोकवावं लागतं. हे वेड पहिल्यांदा लागलं ते इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाच्या गृहस्थांना. १८६३ च्या सुमारास त्यांनी पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, त्यावर सौम्य अ‍ॅसिड फिरवलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. वरून गुळगुळीत, एकसंध दिसणारं पोलाद आतून चक्क फरशीसारखं निघालं. छोटे छोटे कण, त्यांच्यामधल्या रेषा, कुठे गडद पट्टे. या आतल्या रचनेला मायक्रोस्ट्रक्चर म्हणतात. धातू कसा वितळवला, किती वेगानं थंड केला, कसा ठोकला, सगळ्याची नोंद तिथे असते. धातूची कुंडलीच म्हणा ना.

इथपर्यंत सगळं छान. मशीन आहे, मायक्रोस्कोप आहे, मग टेन्शन कसलं? टेन्शन आहे ते मशीनसमोर बसलेल्या माणसाचं. आणि ते समजून घ्यायला एका विमानाची गोष्ट ऐकावी लागेल.

फ्लाइट २३२

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट २३२ अमेरिकेतल्या डेन्व्हरहून शिकागोला निघाली होती. डीसी-१० जातीचं तीन इंजिनांचं विमान, आत २९६ माणसं. सुमारे तासाभरानं, ३७ हजार फुटांवर, शेपटीतल्या इंजिनात स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा असतो, त्याच्या मधली टायटॅनियमची जाडजूड चकती फुटली होती. ही फॅन डिस्क साधारण १६८ किलोची. तिचे आणि पंख्याच्या पात्यांचे तुकडे शेपटीतून आरपार गेले आणि जाताना विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम्सच्या नळ्या कापून गेले. म्हणजे गाडीचं स्टिअरिंग हातात आहे, पण चाकांशी त्याचा काही संबंधच उरलेला नाही.

कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या टीमनं, प्रवासी म्हणून बसलेले पायलट इन्स्ट्रक्टर डेनिस फिच यांना मदतीला घेऊन, उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत ते विमान पाऊण तास हवेत सांभाळलं आणि आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. उतरताना विमान उलटून फुटलं. ११२ जण गेले. १८४ वाचले. ज्यांनी ते अवशेष पाहिले त्यांना १८४ हा आकडा चमत्कार वाटला.

पायलट हिरो ठरले, आणि ते योग्यच होतं. पण आपला विषय ती चकती आहे.

मक्याच्या शेतातला पुरावा

चकती सापडतच नव्हती. शोधून शोधून थकले. शेवटी ऑक्टोबरमध्ये, मक्याच्या काढणीच्या वेळी, एका शेतात तिचा मोठा तुकडा हाती लागला. तो लॅबमध्ये गेला, फुटलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली आला आणि धातूची कुंडली उलगडायला लागली.

चकतीच्या मधल्या भोकाच्या कडेला एक बारकंसं खड्ड्यासारखं व्यंग होतं. लांबी जेमतेम १.४ मिलिमीटर, खोली त्याहूनही कमी. त्याच्याभोवतीचा धातू बाकीच्या टायटॅनियमपेक्षा कडक आणि ठिसूळ होता, कारण त्यात नायट्रोजनचं प्रमाण जास्त होतं. याला ‘हार्ड अल्फा’ म्हणतात. शिरा करताना रवा नीट हलवला नाही तर एखादी गुठळी तशीच राहते ना, अगदी तसंच. टायटॅनियम वितळवताना नायट्रोजननं भरलेली एक गुठळी विरघळलीच नाही. ही चकती १९७१ मध्ये तयार झालेल्या धातूची. तेव्हा तो दोनदा वितळवायचे. पुढच्याच वर्षापासून इंजिन कंपनी जनरल इलेक्ट्रिकनं अशा भागांसाठी तीनदा वितळवलेला धातू वापरायला सुरुवात केली. एकदा जास्त हलवा, गुठळ्या कमी. इतका साधा फंडा. पण या चकतीची पाळी त्याआधीच येऊन गेली होती.

मग फॅक्टरीत ती पकडली का नाही गेली? टेस्ट तर झाल्या होत्या. अल्ट्रासाउंड झाला होता. पण गुठळीत पोकळी किंवा तडा नसेल तर ध्वनिलहरी तिच्यातून सहज निघून जातात, प्रतिध्वनी येतच नाही. अ‍ॅसिड लावूनही तपासणी झाली होती. पण ती चकतीला शेवटचा आकार देण्याआधी. त्यानंतर मशीनवर वरचा थर उतरवला गेला आणि आत दडलेली गुठळी पृष्ठभागावर आली. तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

पुढची १७-१८ वर्षं विमान उडत राहिलं. सेफ्टी पिन वाकवून-वाकवून तुटते, माहीत आहे ना? एकदा वाकवली तर काही होत नाही, पन्नासदा वाकवली की कट. प्रत्येक टेक-ऑफला चकतीवर ताण, प्रत्येक लँडिंगला सुटका. अशा १५ हजारांहून जास्त फेऱ्या. त्या गुठळीपासून एक तडा निघाला आणि दर फेरीला कणाकणानं वाढत गेला.

रंग लागला, नजर लागली नाही

आता या गोष्टीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. ही चकती वेळोवेळी उतरवून तपासली जात होती. तपासणीची पद्धत ऐका, कारण ती फार सुंदर आहे. पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये भाग तेलात बुडवायचे, पुसून वरून खडूचा पातळ लेप द्यायचे. तडा असेल तर आत शिरलेलं तेल लेपावर उमटायचं. विमानाच्या भागांसाठी याचीच मॉडर्न आवृत्ती वापरतात. भाग स्वच्छ करायचा, त्यावर चमकणारा द्रव लावायचा, तो तड्यात मुरू द्यायचा, वरचा धुऊन टाकायचा, पावडर मारायची आणि अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. तडा असेल तर हिरवट-पिवळी रेघ काजव्यासारखी चमकते.

शेवटची तपासणी अपघाताच्या सुमारे सतरा महिने आधी झाली होती. अमेरिकेचं अपघात तपास मंडळ, म्हणजे एनटीएसबी, या निष्कर्षाला आलं की त्या दिवशी तडा होता. आणि पृष्ठभागावर तो जवळपास अर्धा इंच लांब होता. एवढंच नाही. तुटलेल्या चकतीवर तड्याचा काही भाग वेगळ्या रंगाचा दिसत होता आणि तिथे तपासणीच्या त्याच द्रवातल्या रसायनांचे अंश मिळाले.

म्हणजे द्रवानं त्याचं काम चोख केलं होतं. तो तड्यात शिरला होता. बघणाऱ्याला रेघ दिसली नाही. त्यानंतर ते विमान आणखी ७६० वेळा उडालं.

कामचोर होता का तो माणूस? इतक्या झटकन निकाल लावू नका. चकती केबलला टांगलेली, आणि केबल त्या मधल्या भोकातूनच जाते. म्हणजे काही भाग कायम झाकलेला, चकती फिरवून फिरवून बघायची. खोली अंधारी. माणूस एकटा. आणि मुख्य म्हणजे, त्या जागी तडा सापडेल अशी अपेक्षाच नव्हती. आजवर सगळ्या चकत्या चांगल्याच निघालेल्या. मेंदूनं आधीच उत्तर लिहून ठेवलं होतं, डोळे फक्त सही करत होते.

एनटीएसबीनं १९९० च्या अहवालात अपघाताचं कारण सांगताना एकट्या माणसाला फासावर लटकवलं नाही. माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार तपासणीच्या आणि क्वालिटी कंट्रोलच्या पद्धतीत केला गेला नव्हता, असं त्यात म्हटलं आहे.

वाटलं असेल, यातून सगळे शिकले असतील. ६ जुलै १९९६ ला फ्लोरिडातल्या पेन्सकोलाला डेल्टा एअरलाइन्सचं विमान टेक-ऑफसाठी धावत असताना त्याच्या इंजिनातला टायटॅनियमचाच फॅन हब फुटला. तुकडे केबिनमध्ये घुसले. दोन प्रवासी गेले. या वेळी गुठळी नव्हती. हबला भोक पाडताना ड्रिलनं त्या जागेचं मायक्रोस्ट्रक्चर बदललं होतं आणि तिथून तडा निघाला होता. चमकत्या द्रवाची तपासणी झाली होती का? हो, झाली होती. सापडण्याजोगा तडा होता. सापडला नाही.

कंटाळ्याचं सायन्स

‘लक्ष दे जरा’ असं ओरडून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो स्वभावाचा नाही, मेंदूचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून पाणबुड्या सुटायला लागल्या, तेव्हा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टकटक पुढे सरकतो आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारतो. ती उडी पकडायची, बस्स. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. जेमतेम अर्ध्या तासात माणसाची पकड ढिली पडायला लागते. मोटिव्हेटेड, ट्रेन्ड माणसाचीसुद्धा.

म्हणून आज या धंद्यात माणसाचीही टेस्ट घेतात. तपासनीसाची नजर ठरावीक काळानं तपासली जाते. अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मग काम. उन्हात आपोआप काळे होणारे स्टायलिश चष्मे तिथे चालत नाहीत, कारण ते अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातही काळे पडतात. मुद्दाम तडे पाडलेले नमुने तपासायला देऊन कोण किती पकडतो ते मोजतात. एअरपोर्टच्या एक्स-रे स्क्रीनवरही अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर अधूनमधून तुमच्या-आमच्या बॅगेत खोटं पिस्तूल किंवा बॉम्ब दाखवतं. समोरच्या जवानानं पकडलं की मेसेज येतो, टेस्ट होती, शाब्बास. त्याला वरचेवर काहीतरी ‘सापडत’ राहतं, म्हणून तो शोधत राहतो. कल्पना सही आहे ना?

आता जरा तुमच्या क्युबिकलकडे या. महिन्याचं रिकन्सिलिएशन, दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडचा रिव्ह्यू, पाचव्यांदा आलेलं तेच एक्सेल. सिनिअरनं बघितलंय, टेस्टिंगनं बघितलंय, आपण कशाला वेळ घालवा? टाका ‘लुक्स गुड’ आणि चला चहाला. तुमच्या एक्सेलमुळे विमान पडणार नाही, मान्य. पण कुणाचा पगार, कुणाचा क्लेम, कुणाच्या औषधाचा डोस त्यातल्या एखाद्या सेलमध्ये बसलेला असू शकतो. आणि आपल्या आधी तिघांनी बघितलंय म्हणून आपण बघत नाही, तेव्हा त्या तिघांनीही चौथा बघेल म्हणूनच सोडलेलं असण्याची शक्यता दाट असते.

मग करायचं काय? एनडीटीवाल्यांचे तीन नियम उचला. एका दमात दोन तास तपासत बसू नका, मध्ये उठा. जी जागा बघायला अडचणीची, ती आधी बघा, कारण केबल नेमकी तिथेच असते. आणि ‘काही नसेलच’ असं म्हणून फाइल उघडू नका, ‘एक तरी असणारच, कुठे आहे?’ असं म्हणून उघडा.

माठवाला समोर उभा राहून सांगत असतो, ‘साहेब, सगळे पक्के आहेत, उचला कुठलाही.’ तरी आपण टिचकी मारतोच. आणि टिचकी मारून थांबत नाही, कान देऊन आवाजही ऐकतो. निम्मी टेस्ट टिचकीत असते, निम्मी कानात.