मुलीचंच कार्ड का मागता?

फ्रान्झ काफ्काच्या 1915 सालच्या दीर्घकथेत ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊनच. धारपांच्या भयकथांवर पोसलेली मी. तरी त्या किड्याची मला कधी भीती वाटली नाही. वाटली ती त्याला दूर लोटणाऱ्या घरच्यांची.

आमच्या दादरा-नगर हवेलीत असा बदल रक्तातच आहे. सिकलसेल. वारली, कोकणा, धोडिया घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. एरवी 120 दिवस जगणारी पेशी 10-20 दिवसांत संपते. खानवेलच्या मराठी शाळेत मी शिकवायचे तेव्हा थंडी पडली की काही पोरं हातपाय धरून बसायची. ‘बाई, हाडं दुखतात,’ एवढंच सांगायची.

पण हा बदल उगाच टिकलेला नाही. जनुक एकाच पालकाकडून आलं, तर माणूस नुसता वाहक असतो, रोगी नव्हे. उलट लहानपणी फाल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातून तो वाचण्याची शक्यता जास्त. अँथनी अॅलिसन यांनी हे 1954 साली दाखवून दिलं; त्याच वर्षी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. जंगलपट्टीतली माणसं तगली, त्यात या वाकड्या पेशीचाही वाटा आहे. आजार होतो तो जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर.

1 जुलै 2023 ला शहडोलमधून सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. तपासणी हवीच, याबद्दल वाद नाही. माझं भांडण आहे ते तपासणीनंतर हातात पडलेल्या निकालाच्या कार्डाचं पुढे काय होतं याच्याशी. माझी एक जुनी विद्यार्थिनी वाहक आहे. दिवसभर कारखान्यात उभं राहून काम करते. सोयरिकीच्या बोलण्यात तिचं कार्ड मागितलं, पाहिलं आणि पाहुणे उठले. मुलाची तपासणी झालीच नव्हती! अहो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. दुसऱ्याच्या रक्तात असा काही दोष नसेल, तर मुलाला हा आजार होतच नाही. एकीचंच कार्ड बघून कसला हिशेब मांडता?

म्हणून निकाल देताना मुलामुलीला जोडीनं बसवा, वारलीत समजावून सांगा, आणि ‘वाहक म्हणजे रोगी नव्हे’ हे कार्डावर ठळक छापा. ज्यांना खरंच आजार आहे, त्यांच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दुधनी-मांदोनीच्या दवाखान्यात मिळू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे; त्याच्या प्रमाणपत्राचा अर्जही तिथंच भरून घ्या. दुखऱ्या पायांनी सिल्वासाच्या खेपा कुणी घालायच्या?