आधी स्क्रू मोजा

मंडळी, परवा माळा आवरताना जुना प्लेस्टेशन टू सापडला. कॉलेजात असताना काकांनी अमेरिकेहून आणलेला. तेव्हा नाशिकच्या एम.जी. रोडवर एका दुकानात चिप बसवायला दिला होता. त्याने मागचं स्टिकर वाचलं, एससीपीएच-३०००१, आणि लगेच सोल्डरिंग सुरू! मशीन परत आलं ते बंद पडूनच.

माझं स्पष्ट मत आहे, चिप कुठली चांगली हा नंतरचा प्रश्न. या एकाच नंबराखाली सोनीने वेगवेगळे बोर्ड विकले आणि वायर जोडायच्या जागाही बदलल्या. म्हणून जुनं जाड मशीन असेल तर आधी उलटं करा. बुडाशी टोप्यांखाली १० स्क्रू असतील तर व्हर्जन ३ किंवा त्याआधीचं, ८ असतील तर ४ किंवा पुढचं. अर्ध्या मिनिटाचं काम, राव!

आता बहुतेक मशीनना चिप लागतही नाही, फ्री मॅकबूट मेमरी कार्डावरून चालतं. पण शेवटच्या ९०००० मालिकेत डेट कोड बघाच, ८डी किंवा नंतरचा असेल तर ते चालत नाही.

असो. माझ्या मशीनचे स्क्रू काल मोजले. १० निघाले. दुकानदाराच्या आकृतीवर 'व्ही-४' लिहिलं होतं, ते अजून आठवतंय.