खेड्यात जाऊ, पण सातबारा कुणाच्या नावावर?



मागच्या पौर्णिमेला विहारातून घरी आलो, तर मायलेकी मोबाईलवर एक अमेरिकन विनोदी मालिका पाहून हसत होत्या. मालिकेचे नाव 'ब्लेस धिस मेस'. मीही त्यांच्याबरोबर बसलो आणि हसलोही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आधी गोष्ट सांगतो. न्यूयॉर्क शहरातले एक तरुण जोडपे. रिओ ही मानसोपचाराचे काम करणारी, तर मायक संगीतावर लिहिणारा पत्रकार. मायकच्या नात्यातली मॅगीआजी वारते आणि नेब्रास्का राज्यातले तिचे शेत त्याला वारसाने मिळते. शहराच्या धावपळीला कंटाळलेले दोघे सामानसुमान घेऊन तिकडे निघतात. जाऊन पाहतात तो घर मोडकळीला आलेले आणि गोठ्यात रुडी नावाचा एक म्हातारा आधीपासूनच मुक्काम ठोकून बसलेला! शेतीतले तर दोघांनाही ओ की ठो कळत नाही. त्यातून जी फजिती होते, तीच ही मालिका. एप्रिल २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि २६ भागांनंतर मे २०२० मध्ये बंद पडली.

मालिकेची एक गोष्ट मला आवडली. ती खेडुतांना मूर्ख ठरवीत नाही. हसू येते ते शिकलेल्या शहरवाल्यांच्या अडाणीपणाचे. गावातले दुकान चालवणारी आणि कायदा-सुव्यवस्थाही सांभाळणारी कॉन्स्टन्स हे पात्र पॅम ग्रिअर या नामवंत कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केले आहे. सारे गाव तिला मान देते. हे पाहून कुणाला बरे वाटणार नाही?

पण मालिकेतले ते गाव काल्पनिक आहे. खऱ्या नेब्रास्कात काय घडले? १९०४ च्या एका कायद्याने त्या राज्याच्या पश्चिम भागात कसणाऱ्याला ६४० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. १९०७ मध्ये तिथल्या वाळूच्या टेकड्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी डेविटी नावाची वसाहत उभी केली. गुलामगिरीतून सुटलेल्यांची ही लेकरे स्वतःच्या नावावरची जमीन कसू लागली. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ती वसाहत नांदती होती. पण जमीन रेताड आणि पीक बेभरवशाचे. १९३० च्या दशकात वसाहत ओस पडली.

डेविटीला निसर्गाने साथ दिली नाही, पण इतर ठिकाणी माणसांनीच घात केला. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारही नाहीत. कर्ज देताना झालेला भेदभाव हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मात्र आपण घराघरांत समजून घ्यावे असे आहे. बाप मृत्युपत्र न करता वारायचा, वारसांची नावे कागदोपत्री चढायची नाहीत. मग बाहेरचा कुणी एखाद्या वारसाचा हिस्सा स्वस्तात घेऊन कोर्टात जायचा आणि अख्खी जमीन लिलावात निघायची. कसणारे घाम गाळीत राहिले आणि कागदाने त्यांना बेदखल केले!

बांधवांनो, खेडे म्हणजे आपल्यासाठी कधीच विनोदी मालिका नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले होते. आपले आजे-पणजे गावकुसाबाहेरून उठून शहरात आले, ते मौज म्हणून नव्हे. आणि तरीही ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्याच लोकांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. कारण ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याशी गाव मान वर करून बोलते.

आमच्या वसाहतीतले एक काका नोकरीतून निवृत्त झाले. गावी जाऊन दोन खोल्या बांधायच्या, असा त्यांचा बेत. चावडीवर सातबारा काढला, तर त्यावर एकट्या चुलतभावाचे नाव! तीस वर्षे काकांनी कागद पाहिलाच नव्हता. सगळे भाऊ एकत्र बसले, तेव्हा त्यांना स्वतःचा हिस्सा आठवला. दोघी बहिणींची आठवण कुणालाच झाली नाही. काकूंनी विचारले, "आणि वन्संचं काय?" तेव्हा घर गप्प झाले.

हिंदू वारसा कायदा, १९५६ आपल्या बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्राशिवाय वारला, तर त्याच्या मिळकतीत त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखा. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ मध्ये. स्त्रियांच्या हक्कांचे हिंदू कोड बिल अडवले गेले, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. त्यांच्या तसबिरीसमोर बसून आपणच बहिणीकडून गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे शोभते का?

त्या मालिकेतले शेत आले कुठून? मॅगीआजीकडून. एका बाईच्या नावावर जमीन होती, म्हणून पुढची सारी गंमत घडली.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आधी चावडीवर जाऊन सातबारा आणि फेरफार काढा. वतनाचा तुकडा असो की घराची जागा, वारस-नोंद झाली आहे का ते पाहा. लेकीबाळींची नावे आहेत का, तेही पाहा. नसतील तर लावून घ्या. मालिका मग सगळ्यांनी मिळून पाहू आणि पोटभर हसू.

भवतु सब्ब मंगलम्।