यंदाची सहल तळ्याकाठी जावी



दिवाळी सरली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. मुलांचा ओढा वॉटर पार्ककडे असतो. पालकही त्यालाच होकार देतात, कारण तळे आणि जंगल म्हटले की त्यांना धास्ती वाटते. तरीही यंदाची सहल गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डोंगरांच्या कुशीतला तो विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. बांध घालून पाणी अडवायचे आणि त्यावर धान पिकवायचे, ही कोहळी समाजाची विद्या. १९५६ पर्यंत तो भाग आणि आपला बालाघाट एकाच राज्यात होते. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. हिवाळ्यात दूरदेशीची बदके तलावावर उतरतात.

याच तलावाकाठी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम केले व ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. त्यांची मातृभाषा तेलुगू, तरी ‘काकागार’ म्हणजे कावळ्यांच्या विणीची जागा, ‘रातनिवारा’ म्हणजे पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागा, असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोललो, पण झाडापाखरांची मराठी नावे आम्हाला पन्नाशीनंतर शिकावी लागली. आपल्या मुलांवर ही वेळ येऊ नये. भाषा वर्गात वाचता येते. ती अंगी मुरते ती बांधावरून चालताना, पाखराकडे बोट दाखवून नाव विचारताना.

पालकांची काळजी रास्त आहे. म्हणून दर दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, कोणीही पाण्यात उतरू नये आणि दिवस मावळण्याआधी परत निघावे. डबा घरचाच न्यावा, म्हणजे खर्चही बेताचा राहील. विश्वस्त मंडळाने यास मंजुरी द्यावी, ही विनंती.

आणि मुलांनो, जाण्याआधी आजी-आजोबांकडून दहा पक्ष्यांची मराठी नावे लिहून आणा. त्यांतली किती पाखरे तलावावर दिसतात, ते आपण मिळून पाहू.