संशयित म्हणून फोन गेला, आणि गेटवर उभा होता आपलाच पोरगा



या आठवड्याचा व्हिडिओ फिल्डवर माणूस पाठवण्याबद्दल होता. पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, हा मुद्दा मी त्यात दोन मिनिटांत उरकला. पण तो दोन मिनिटांचा विषयच नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या बॅचला पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारे एक दादा यायचे. हाताखाली तीन पोरं. त्यातला एक एकोणीस वर्षांचा, गावाकडून नुकताच आलेला, कामाला लागून आठ दिवस झालेले. त्या रविवारी दादांनी त्याला एका मोठ्या सोसायटीत सर्व्हिसिंगला पाठवलं. व्हॉट्सअॅपवर पत्ता दिला, पण बिल्डिंगचा नंबर टाकायचा राहिला. कस्टमरचा फोन लागेना. पोरगा एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरत होता, मान वर करून गॅलऱ्या बघत होता. पाठीला सॅक, सॅकमध्ये पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. वरून कुणीतरी बघितलं आणि ११२ नंबरला फोन केला.

बीट मार्शल आले. नाव विचारलं, त्याने सांगितलं. कुणाकडे कामाला आहेस? "दादांकडे." दादांचं पूर्ण नाव काय? माहीत नाही. दुकानाचं नाव? तेही धड सांगता येईना. आधार कार्ड गावी. मग साहेब म्हणाले, लाव तुझ्या दादांना फोन. त्याने सात वेळा फोन लावला.

दादा त्या वेळी माझ्या वर्गात बसले होते आणि त्यांचा फोन दाराजवळच्या टोपलीत सायलेंटवर पडला होता. वर्गात फोन बंद, हा नियम माझाच.

पोरगा साडेतीन तास चौकीत बसून राहिला. वर्ग सुटल्यावर दादा धावत गेले, खात्री पटली, पोराला सोडलं. कुणी हात लावला नाही, पैसे मागितले नाहीत, उलट चहा पाजला. तरी तो पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. गावी निघून गेला तो परत आलाच नाही. वस्तीतल्या पोरांनी त्याला पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. त्याला तेवढं पुरलं.

आता मुख्य प्रश्न. पोलिसांना असं ओळखपत्र मागता येतं का? मी वकील नाही, पण धंदा करणाऱ्याला कामापुरता कायदा माहीत पाहिजे या मताचा मी आहे. एकेक बघू.

विचारायला मनाई नाही. ११२ वर फोन आला की जाऊन बघणं हे पोलिसांचं कामच आहे. तिथे गेल्यावर "कोण तुम्ही, इथे काय करताय" हे विचारणार नाहीत तर काय करणार? त्यात अपमान वाटून घेऊ नका.

कार्ड खिशात ठेवण्याची सक्ती नाही. भारतीय नागरिकाने रस्त्यावर चालताना ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. आधार जवळ नाही म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. गाडी चालवत असाल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावं लागतं. ते डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं.

नाव आणि पत्ता लपवू नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ३९ असं आहे: एखाद्याने पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा केला किंवा त्याच्यावर तसा आरोप असला, आणि त्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला असं वाटलं, तर नाव-पत्ता कळावा एवढ्यासाठी त्याला अटक करता येते. नाव-पत्ता कळला की बंधपत्र घेऊन सोडायचं. २४ तासांत कळला नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. इथे दोन गोष्टी बघा. कायदा नाव आणि राहण्याचा पत्ता म्हणतो, कार्ड म्हणत नाही. आणि त्याआधी काहीतरी गुन्हा किंवा तसा आरोप लागतो. गेटबाहेर उभं राहून वर बघणं हा गुन्हा नाही.

वाजवी संशय म्हणजे नुसती शंका नव्हे. दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असेल तर कलम ३५ प्रमाणे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पण त्यालाही चौकट आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं नोंदवावी लागतात, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात हे ठणकावून सांगितलंय. "चेहरा नवीन दिसला" एवढ्यावर वाजवी संशय उभा राहत नाही.

रात्रीचं काम असेल तर जास्त सांभाळा. हा मुद्दा प्लंबर, इलेक्ट्रिशियन, चावीवाले यांनी नीट वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेबद्दल आहे. कुणाच्या इमारतीत सापडलात आणि तिथे का आलात याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो गुन्हा ठरू शकतो. घरफोडीला उपयोगी पडणारं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं, तरी तेच. आणि कारण कायदेशीर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी हत्यार बाळगणाऱ्यावर आहे. तुमच्या पोराच्या सॅकमध्ये पहार, पटाशी, मोठा स्क्रू ड्रायव्हर असतोच ना? मग त्याच्याकडे त्या दिवसाची कामाची पावती नको का?

चौकीत नेलं तर. "साहेब, मला अटक आहे का चौकशी?" एवढं शांतपणे विचारायला हरकत नाही. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना किंवा ओळखीच्या माणसाला कळवावं लागतं, वकिलाला भेटता येतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आणि १९९६ च्या डी. के. बसू निकालात याचा पाया आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, हेही कायद्यातच आहे. आणि ज्या ताया रात्री उशिरा मेकअपच्या, केटरिंगच्या ऑर्डरवरून परततात त्यांच्यासाठी: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अपवादात्मक परिस्थिती सोडून बाईला अटक करता येत नाही. अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

इथवर झाला कायदा. आता माझं मत सांगतो.

या विषयावर दोन प्रकारचे सल्ले फिरत असतात. एक म्हणतो, "तुमचे हक्क सांगा, कॅमेरा चालू करा, कलम विचारा." दुसरा म्हणतो, "पोलिसांशी वाद नको, मागतील ते देऊन टाका." माझ्या मते दोन्ही सल्ले ज्याने दिलेत तो कधी एकटा, दुसऱ्याच्या गेटवर, दुसऱ्याच्या पगारावर उभा राहिलेला नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने बीट मार्शलला कलम ३९ ऐकवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि मागतील ते सगळं देऊन टाकलं, तर परत जाताना त्याच्या हातात काय उरतं?

मधला रस्ता सरळ आहे. नाव, पत्ता, काम, मालकाचा नंबर हे न विचारता स्वतःहून सांगा. ओळखपत्र असेल तर दाखवा. मूळ कार्ड ठेवून घेतो म्हणाले, तर "साहेब, फोटो काढून घ्या, झेरॉक्स देतो" असं नम्रपणे म्हणा. फोन उघडून दाखव म्हणाले, तर कारण विचारायला घाबरू नका. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर पोलिसांनाही त्याची कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. पळू नका, खोटं नाव सांगू नका, आवाज चढवू नका.

पण मंडळी, हे सगळं पोराने करायचं. मालकाने काय करायचं? माझं खरं भांडण इथे आहे. आपण माणसाला पत्ता देतो, हत्यारं देतो, टार्गेट देतो, आणि ओळख द्यायची विसरतो. मग कायद्यात ओळखपत्राची सक्ती आहे का नाही यावर गप्पा मारतो. सक्ती नाही, मान्य. पण ती सक्ती नसण्याचा फायदा तुम्हाला मिळतो, आणि ओळख नसण्याचा त्रास त्याला होतो. तुमच्याकडे ऑफिस आहे, व्हिजिटिंग कार्ड आहे, चार लोक ओळखतात. त्याच्याकडे फक्त "दादा" हा शब्द आहे.

काहीजण म्हणतील, "सर, दोन पोरांचा धंदा, कसलं आयडी कार्ड घेऊन बसलात?" अहो, दोन पोरांच्याच धंद्याला त्याची गरज जास्त. मोठ्या कंपनीचा टी-शर्ट लांबून ओळखू येतो. तुमचा पोरगा साध्या शर्टात असतो. दोन वडापावच्या पैशात फोटोवालं कार्ड लॅमिनेट होतं.

आणि फोन करणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्यातले बरेचजण संध्याकाळी कुठल्यातरी सोसायटीचे रहिवासी असतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती, आणि हे अनोळखी होते. एवढंच. म्हणून मी "पोलिसांना फोन करू नका" असं कधीच म्हणणार नाही. जमाव जमवण्यापेक्षा, वॉचमनला अंगावर सोडण्यापेक्षा ११२ शंभर पटीने बरा. पण फोनवर तो माणूस काय करतोय ते सांगा, तो कसा दिसतो त्यावरून निकाल देऊ नका. "एक मुलगा वीस मिनिटं दोन गेटांमध्ये फिरतोय, पाठीला सॅक आहे" हे सांगणं वेगळं आणि "चोर आलाय, लवकर या" हे वेगळं. दुसरं वाक्य ऐकून येणारा पोलीस आधीच मन बनवून येतो. कुणाला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली तो फोन करणाऱ्याचाच गुन्हा आहे. आणि त्याही आधी एक सोपा उपाय आहे. गॅलरीतून हाक मारून विचारा, "काय रे, कुणाकडे आलास?" आमच्या गोष्टीत कुणी एवढं विचारलं असतं, तर त्याला बिल्डिंग तरी सापडली असती.

आता मालकांसाठी गृहपाठ. या आठवड्यात करून टाका:

१. प्रत्येक माणसाला फोटो असलेलं कार्ड. त्यावर दुकानाचं नाव, पत्ता, तुमचं पूर्ण नाव आणि दोन मोबाईल नंबर.

२. प्रत्येक फेरीला कामाची पावती किंवा निदान मेसेज: कस्टमरचं नाव, बिल्डिंग, फ्लॅट, वेळ, काम काय, सोबत कुठली हत्यारं.

३. कस्टमरला आधी फोन करून गेटवर नोंद करायला सांगा. सोसायटी खासगी जागा आहे, वॉचमनने आत सोडलं नाही तर वाद घालायचा नाही, तुम्हाला फोन करायचा.

४. माणूस घेताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

५. हातगाडीवाले, फेरीवाले असाल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. प्रमाणपत्रातल्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांनीही अडवू नये, असं तोच कायदा म्हणतो.

६. नवीन माणसाकडून पहिल्या दिवशी चार वाक्यं पाठ करून घ्या. "माझं नाव अमुक. मी अमुक ठिकाणी राहतो. अमुक दुकानाकडून अमुक कामाला आलोय. हा मालकाचा नंबर." दोनदा मोठ्याने म्हणायला लावा. ऐनवेळी भीतीने स्वतःच्या मालकाचं नाव आठवत नाही, हे मी बघितलंय.

७. आणि फोन उचला. तुमचा माणूस बाहेर आहे तोवर दोनपैकी एक नंबर तरी लागलाच पाहिजे.

या सातव्या मुद्द्यावर मी तुम्हाला उपदेश करायच्या लायकीचा नाही, हे कबूल करतो. ती टोपली माझी होती. दादा त्या दिवशी मला एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. तेव्हापासून वर्गात टोपली नाही. ज्याचा माणूस फिल्डवर आहे त्याचा फोन बाकावर, आवाज चालू. लेक्चरच्या मध्ये वाजला तर मी थांबतो. तुम्ही बाहेर जाऊन बोलून या, मग पुढे सुरू करू.

चला, कार्ड छापायला टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत.