परदेशी सासरी जाताना : आधी व्हिसा नीट निवडा

मागील रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या घरी आले. सोबत त्यांची मुलगी होती. "जयभीम साहेब, एवढे कागद बघून द्या," म्हणाले. पिशवीत मुलीचा पासपोर्ट, नर्सिंगच्या गुणपत्रिका आणि एका एजंटाने भरून दिलेल्या अर्जाची प्रत होती. अर्ज होता अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाचा. प्रवासाचा उद्देश : पर्यटन.

आम्ही विचारले, "मुलगी फिरायला चालली आहे का?"

"नाही हो. लग्न ठरलंय. मुलगा तिकडेच जन्मलेला, तिकडचा नागरिक. एजंट म्हणाला, टुरिस्टवर पाठवा, तिथे लग्न लावा, मग ग्रीन कार्ड आपोआप होते."

आम्ही पेशाने कारकून. अर्जातला एक रकाना खोटा भरला की पुढे माणसाचे काय होते, हे आम्ही टेबलावर रोज पाहतो. म्हणून त्या दिवशी जे त्या घराला सांगितले, तेच आज आमच्या सर्व वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे वाटले. आपली मुले-मुली आता देशोदेशी जात आहेत. उद्या हा प्रश्न कोणाच्याही घरी येऊ शकतो.

पहिली गोष्ट. टुरिस्ट व्हिसा हा जाऊन परत येणाऱ्यांसाठी असतो. कायम राहायचे ठरवून निघालेल्या मुलीने मुलाखतीत किंवा विमानतळावर "फिरायला आले" असे सांगितले, तर ते अधिकाऱ्याशी खोटे बोलणे ठरते. अमेरिकेच्या कायद्यात त्यासाठी कायमची प्रवेशबंदी लागू शकते. ती उठवून घेणे फार कठीण. एजंट आपले पैसे घेऊन मोकळा होतो, पण खोट्या अर्जाखाली सही असते ती मुलीची.

मुलगी म्हणाली, "काका, पण सगळे असेच जातात ना?" आम्ही म्हणालो, "बाळ, जे अडकले ते सांगत फिरत नाहीत."

दुसरी गोष्ट. मुलाचा दर्जा काय, हे आधी विचारावे. "मुलगा अमेरिकेत आहे" एवढे पुरेसे नाही. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे, की नोकरीच्या व्हिसावर आहे? ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला वार्षिक मर्यादेच्या रांगेत थांबावे लागत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र रांग लागू शकते. मुलाचा पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला पाहण्यात संकोच करू नये. आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाचा अंतिम निकालही पाहावा. सोयरीक जुळवताना आपण शेती आणि पगार विचारतोच ना?

नागरिकाशी लग्न करून जायचे तर मुख्य मार्ग दोन आहेत.

एक, के-१ म्हणजे वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा. यात लग्न आधी करायचे नसते. अर्ज मुलगा करतो, आणि फक्त नागरिकच करू शकतो. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. तिकडे पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याच मुलाशी लग्न करावे लागते आणि त्यानंतर ग्रीन कार्डसाठी वेगळा अर्ज व वेगळी फी भरावी लागते. कामाचा परवाना हाती येईपर्यंत नोकरी करता येत नाही. परवानगी न घेता मध्येच देश सोडला तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. म्हणजे इकडे आई आजारी पडली तरी मुलगी सहज येऊ शकत नाही.

दुसरा, पत्नीचा किंवा पतीचा स्थलांतर व्हिसा. यात लग्न आधी होते. मुलगा तिकडे आय-१३० हा अर्ज दाखल करतो. तो मंजूर झाला की कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात. मग जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पोलीस दाखला द्यावा लागतो, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत होते. या मार्गात इकडे वाट पाहावी लागते, हे खरे. पण मुलगी तिकडे पाऊल ठेवते ती कायम रहिवासी म्हणूनच. नोकरी लगेच करता येते, घरी येता-जाता येते. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर सीआर-१ हा प्रकार मिळतो आणि ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त असते. दोन वर्षे उलटून गेली असतील तर आयआर-१, आणि कार्ड दहा वर्षांचे. सशर्त कार्ड असेल तर त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करावाच लागतो. ती तारीख मुलीने स्वतः लिहून ठेवावी, नवऱ्याच्या भरवशावर सोडू नये.

आता आपल्या घरांना लागू असलेली एक बाब. विहारात लग्न लागले, फोटो निघाले, भंतेजींनी किंवा बौद्धाचार्यांनी प्रमाणपत्र दिले, तरी व्हिसासाठी तेवढे चालत नाही. सरकारी निबंधकाचे विवाह प्रमाणपत्र लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे तर नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी निदान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर येणार असेल तर हा हिशेब पत्रिका छापण्यापूर्वी करा. मुलाचे कोणते कागद लागतील, तेही निबंधक कार्यालयात जाऊन आधीच विचारा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकसारखे आहे का, ते पाहा. आमच्या अनुभवात निम्मी कामे तिथेच अडतात.

शेवटची गोष्ट आम्ही मुलीकडे वळून सांगितली, कारण ती तिच्यासाठी होती. परक्या देशात काही नवरे "तुझा व्हिसा रद्द करतो" अशी धमकी देऊन बायकोला दाबून ठेवतात. म्हणून आपले हक्क इथूनच माहीत करून जावे. व्हिसासाठी मुलाला आय-८६४ हे आधाराचे हमीपत्र द्यावे लागते. सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्नाची ही हमी असते आणि ती घटस्फोट झाल्यानेही संपत नाही. छळ झाला किंवा खरेपणाने केलेले लग्न मोडले, तर आय-७५१ अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला करता येतो. स्त्रियांवरील हिंसाचारासंबंधी तिकडे १९९४ साली झालेल्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पीडित पत्नीला स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची सोय दिली आहे. पीडित पतीलाही ती लागू आहे. संकटात ९११ हा क्रमांक फिरवावा. कौटुंबिक हिंसाचाराची तिकडची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ आहे. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड स्वतःजवळ ठेवावे, प्रती माहेरी ठेवाव्यात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण साहेब, त्यात उशीर लागेल. लोक विचारतील, लग्न होऊन पोरगी अजून इथेच कशी?"

उत्तर मुलीनेच दिले. "विचारू देत, बाबा. माझी नोकरी चालू राहील. तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स परीक्षा द्यावीच लागते, तिचा अभ्यासही होईल. चोरासारखं जाण्यापेक्षा हे बरं." असा विचार करणाऱ्या मुली आपल्या वस्तीत आहेत, याचा आम्हाला आनंद वाटला.

एजंटाचा अर्ज रद्द झाला. पुढच्या आठवड्यात बापलेक निबंधक कार्यालयात चौकशीला जाणार आहेत. फी आणि नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक पायरीवर अमेरिकन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा, असे आम्ही त्यांना बजावले आहे. तुम्हालाही तेच सांगणे. ज्यांच्या घरी असे लग्न ठरले असेल त्यांनी सही करण्यापूर्वी कागद कोणा जाणत्याला दाखवावेत. आम्ही रविवारी सकाळी घरीच असतो.

निघताना पिशवी वडिलांकडे दिली. पासपोर्ट मात्र आम्ही मुलीच्या हातात ठेवला.